फुस्स आणि खट्ट

पेंटबॉलच्या बंदुकीच्या मूळ तक्रारी दोनच. जे आत राहायला हवं ते बाहेर पडतं, किंवा जे बाहेर पडायला हवं ते आत राहतं. पहिलीचा आवाज ‘फुस्स’, दुसरीचा ‘खट्ट’. बाकीचे सगळे यांचेच पोटभेद. पण या दोन तक्रारींवर उपाय किती आहेत ते मोजायचं असेल, तर एखाद्या रविवारी विरार पश्चिमेला, किनाऱ्याच्या बाजूला यावं. एक बंदूक बिघडते आणि तिच्याभोवती दहा-बारा जण उभे राहतात. त्यांतल्या एकालाही ती दुरुस्त करता येत नसते, आणि त्यांतल्या एकालाही हे मान्य नसतं.

अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब या पट्ट्यात रिसॉर्टं एवढी झाली आहेत, की ‘रिसॉर्टला सोड’ एवढ्या पत्त्यावर विरार स्टेशनचा रिक्षावाला हँडलला हातही लावत नाही. पूर्वी इथं येणाऱ्या मुंबईकराचा कार्यक्रम ठरलेला असे. डुंबायचं, सुरमई खायची, पुन्हा डुंबायचं आणि उन्हानं लाल होऊन परतीच्या गाडीत खिडकी मिळेल या आशेवर निघायचं. मग रेन डान्स आला. आता एखाद्या रिसॉर्टच्या मागच्या वाडीत सुरूच्या झाडांना हिरवी जाळी बांधलेली दिसते, जुने टायर आणि रिकामी पिंपं मांडलेली दिसतात, आणि दारावर ‘रणभूमी’ अशी पाटी दिसते. गिऱ्हाईक मुख्यतः कंपन्यांचं. याला टीम-बिल्डिंग म्हणतात. सोमवार ते शुक्रवार ज्याच्या प्रत्येक ईमेलला ‘नोटेड, सर’ असं उत्तर द्यावं लागतं, त्याच्या पाठीत रविवारी निळी गोळी घालता येते, आणि तीही कंपनीच्या खर्चानं! हे ज्याला सुचलं त्याला माणूस कळला होता.

वसईच्या जमिनीला लढायांची सवय असली तरी हा खेळ इथला नाही, आणि त्याची बंदूक तर लढाईसाठी नव्हतीच. तोडायच्या झाडांवर आणि बाजूला काढायच्या गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून अमेरिकेत ती बनवली गेली. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर इथल्या जंगलात बारा जणांनी त्या बंदुका घेऊन झेंडे पळवण्याचा खेळ मांडला. त्यांत शेअर बाजारातला माणूस होता, लेखक होता. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि तोही एकही गोळी न झाडता. झाडांआडून गेला, झेंडे गोळा केले, परत आला. खेळाच्या पहिल्याच दिवशी मिळालेला हा पहिलाच धडा फार मोलाचा आहे. आपली बंदूक अडकू नये असं ज्याला वाटतं त्यानं ती चालवू नये. विरारला बस भरून आलेल्या अकाउंट्स विभागाला मात्र हा धडा कुणी सांगितलेला नसतो.

माझे गुडघे मला रणभूमीत उतरू देत नाहीत. त्यामुळे भाच्याच्या कंपनीच्या ‘फॅमिली डे’ला गेलो की मी दुरुस्तीच्या टेबलाशेजारची प्लास्टिकची खुर्ची धरतो. जाळीतून आत कोण कुणाला मारतंय ते धड दिसत नाही. टेबलावर मात्र सगळं दिसतं. युद्धाचं खरं वार्तांकन दुरुस्तीच्या टेबलावरून करावं, या मताला मी आलो आहे.

टेबलामागचे मिस्त्री पूर्वी वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात लेथवर होते. वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूला ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांची वस्तूकडे बघण्याची एक खास रीत असते. ही काय काम करते हे नंतर. ही उघडते कुठून हे आधी. टेबलावर साबणाच्या पाण्याची बाटली, ॲलन कींचा जुडगा, जुना टूथब्रश, तेलाची कुपी आणि सुपारीच्या डब्यात भरलेले ओरिंग, म्हणजे रबरी कड्या. एवढ्या सामानावर ते दोन्ही बाजूंची सैन्यं उभी ठेवतात.

बंदूक आतून तशी गरीब आहे. मागं गॅसची बाटली, वर गोळ्यांचा हॉपर. ट्रिगर ओढला की अडवून धरलेला हातोडा सुटतो, स्प्रिंगच्या जोरानं झडपेवर आपटतो आणि झडप क्षणभर उघडते. थोडा गॅस पुढं जाऊन गोळीला ढकलतो. थोडा मागं येऊन हातोड्याला पुन्हा जागेवर नेऊन बसवतो. गोळीची जाडी ०.६८ इंच, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटरच्या आसपास. तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा या खेळातला सर्वमान्य नियम. हे सगळं चालतं ते दोन-चार स्प्रिंगा आणि मूठभर रबरी कड्यांच्या भरवशावर. बंदुकीची किंमत हजारांत, कडीची रुपयांत. बिघडते ती रुपयांतली, आणि शिव्या खाते ती हजारांतली.

टेबलावर बंदूक आली की मिस्त्री ती लगेच हातात घेत नाहीत. आधी चार प्रश्न विचारतात. गॅस उघडलाय? सेफ्टी काढली? हॉपरात गोळ्या हायत? नळीच्या तोंडावरची पिशवी काढली? बऱ्याच बंदुका या चार प्रश्नांतच सुधारतात. एकदा टी-शर्टवर ‘कॅप्टन’ लिहिलेले एक गृहस्थ तावातावानं आले. ‘ही टोटली डेड आहे. मला दुसरी द्या. माझी पोझिशन जाईल!’ मिस्त्रींनी अंगठ्यानं सेफ्टी सरकवली आणि तीच बंदूक परत दिली. गृहस्थांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, ‘मी पण तेच म्हणत होतो.’ कॅप्टन कसा होतो ते मला त्या दिवशी कळलं.

आता खरी फुस्स. ती ऐकू आली की पहिला सल्ला येतो टेफ्लॉन टेपचा. नळाला पाणी यायची वेळ, टँकरवाल्याचा नंबर आणि टेफ्लॉनचं रीळ या तीन गोष्टी वसई-विरारमध्ये घराघरांत असतात. त्यामुळे गळती म्हटलं की इथल्या माणसाचा हात टेपाकडेच जातो. पण बाटलीच्या आट्यांवर टेप गुंडाळून इथं काही साधत नाही. पाइपाच्या जोडात पाणी आट्यांत अडतं. इथं गॅस अडवते ती बाटलीच्या तोंडावर बसलेली कडी. आट्यांचं काम बाटली धरून ठेवण्यापुरतं. कडी चिरली, दबली किंवा कोरडी पडली, की बाटली लावताक्षणी फुस्स. कडी बदलली की संपलं.

दुसरा सल्ला ‘अजून आवळा’ हा. हा देणारा स्वतः कधीच आवळत नाही. दाबाखालच्या बाटलीला पाना लावायला निघालेल्या उत्साही तरुणाला मिस्त्री हाताला धरून बाजूला उभं करतात. तिसरा सल्ला एम-सीलचा, चौथा फेविक्विकचा. पाचवा सल्ला देणारे काका नुसतं बोलत नाहीत, ते थेट गाडीतून गंज काढायचा स्प्रे घेऊन येतात. दाराच्या बिजागरीला तो उत्तम. इथं तो आतलं वंगण धुऊन काढतो आणि काही प्रकारच्या सिलांना फुगवतो. या बंदुकीला तिचंच तेल लागतं, आणि तेही थेंबांत. काका मात्र नळी शोधत असतात. ‘एकदा मारून तर बघा! माझी वीस वर्षांची स्कूटर यावर चालते.’ मिस्त्री स्प्रे घेतात, ‘ठेवतो’ म्हणतात, आणि टेबलाच्या खणात टाकतात. त्या खणात अशा स्प्रेंची चांगली सोय झालेली आहे.

मिस्त्रींची स्वतःची पद्धत कानापासून सुरू होते. बाटलीच्या गळ्याशी आवाज असेल तर ती कडी. नळीच्या तोंडातून येत असेल तर आतल्या झडपेचं सील. त्यावर कचरा बसलाय किंवा ते झिजलंय. मुठीपाशी येत असेल तर तिथला जोड. पण कान लावायचा म्हणजे शांतता हवी. मिस्त्री ओठांवर बोट ठेवून ‘शू’ म्हणतात. त्यावर बाजूचे दोघं बाकीच्यांना ‘शू’ म्हणतात. मग सगळे एकमेकांना ‘शू’ करायला लागतात, आणि यांतली बंदुकीची शू कुठली हे कुणालाच कळत नाही. शेवटी साबणाचं पाणी. ब्रशानं जोडाजोडांवर लावायचं. जिथं बुडबुडे येतील तिथं गळती. हे बघून कंपनीच्या एचआरमधल्या एक बाई फार विचारात पडल्या होत्या. हळूच म्हणाल्या, ‘बढत्यांची यादी आमच्याकडे दर वर्षी आधीच फुटते. कुठून फुटते ते बघायला हे पाणी चालेल का हो?’

गळती सापडल्यावरही मिस्त्री घाई करत नाहीत. हॉपर काढायचा, बाटली बंद करून सोडवायची, आत उरलेला गॅस मोकळ्या दिशेला झाडून टाकायचा, मगच स्क्रूला हात. या क्रमात फरक नाही. भोवतीच्या मंडळींना नेमका हाच भाग कंटाळवाणा वाटतो. पाच मिनिटं वाया गेली असं म्हणत ते मोबाइल काढतात आणि पुढची वीस मिनिटं त्यात घालवतात.

गॅसवरही मतं असतात. काही बंदुका नुसत्या दाबलेल्या हवेवर चालतात. ‘हवाच ना? मग वसई फाट्याच्या पंपावरून भरून आणू का?’ असं विचारणारा एकजण दर वेळी निघतो. मोटारीच्या चाकात साधारण ३० पौंड हवा असते. ही बाटली भरतात ३,००० पौंडांनी. म्हणजे शंभर पट. रेग्युलेटर तो दाब उतरवतो तेव्हा कुठं ती बंदुकीला सोसते. हा आकडा ऐकला की बाटलीला टेकून उभी असलेली माणसं नकळत दोन पावलं मागं सरकतात.

दुसरा गॅस कार्बन डायऑक्साइड. हा बाटलीत द्रवरूपात असतो आणि हवामान बघून वागतो. साधारण खोलीच्या तापमानाला त्याचा दाब ८५० पौंडांच्या आसपास असतो; उन्हात तो चढत जातो. ३१ अंश सेल्सियसच्या वर तर हा गॅस द्रव राहूच शकत नाही, आणि वसईचा मे महिना ३१ अंशांना गारवा म्हणतो. म्हणून बाटल्या सावलीत ठेवायच्या. कुणी काठोकाठ भरलेली बाटली गाडीच्या बॉनेटवर ठेवून वडापाव आणायला गेलं, तर तिच्या झडपेतली सुरक्षा-चकती फुटते आणि सगळा गॅस एकदम बाहेर पडतो. चकतीचं कामच ते. बाटली फुटू नये म्हणून ती स्वतः फुटते. पण त्या आवाजानं दोन्ही पक्षांचे सैनिक, पंच आणि कँटीनवाला असे सगळे एकदम आडवे होतात, आणि त्या दिवसातली सर्वांत शिस्तबद्ध हालचाल ती ठरते.

याच्या उलट प्रकार बोट न काढता मारत सुटणाऱ्यांचा. द्रवाचा वायू होताना उष्णता खेचली जाते, बाटली गार पडते, दाब उतरतो आणि गोळी चार पावलांवर लोळण घेते. बाटलीवर पांढरा थर धरतो. विरारमध्ये बर्फ! लगेच सेल्फी निघतात. यावर उपाय एकच, बंदुकीला जरा विसावा द्यायचा. पण विसावा कसा द्यायचा हे टीम-बिल्डिंगला आलेल्या माणसाला माहीत असतं तर त्याला रविवारी विरारला कशाला आणला असता?

खट्टची गोष्ट वेगळी. फुस्सला कारण बहुधा रबर असतं. खट्टला बहुधा गोळी. गोळीचं टरफल जिलेटिनचं, म्हणजे औषधांच्या कॅप्सूलला वापरतात तेच. आतला रंग पाण्यानं धुऊन जातो, कारण तो मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला असतो. हा पदार्थ पोट साफ होण्याच्या औषधातही असतो, ही माहिती एका डॉक्टर जावयांनी जेवणाच्या आधी दिली नसती तरी चाललं असतं. फुटक्या गोळ्या चाटायला येणाऱ्या गावठी कुत्र्याला मिस्त्री वारंवार हाकलतात, कारण हा रंग पोटात गेला तर कुत्रं चांगलंच आजारी पडतं.

जिलेटिन जनावरांपासून करतात हे कळल्यावर चातुर्मास पाळणाऱ्या एका काकूंनी बंदूक खाली ठेवली होती.

‘काकू, खायची नाहीये. मारायचीय,’ भाचा म्हणाला.

‘आणि समोरच्याच्या तोंडात गेली म्हणजे? पाप कुणाला?’

मुखवटा डोळ्यांबरोबर तोंडही झाकतो आणि मैदानात तो काढायची कुणालाच परवानगी नाही, हे त्यांना करून दाखवावं लागलं. समोरच्याच्या सोवळ्याची खात्री पटल्यावर त्यांनी जो नेम धरला, त्यात आमचे दोन टीम लीडर आणि एक प्रॉडक्ट मॅनेजर गेले.

पण जिलेटिनचा मोठा दोष धार्मिक नाही. ते ओलावा शोषतं. आणि ओलाव्याची आमच्या किनाऱ्यावर कधीच टंचाई नसते. नळाला नसलं तरी हवेत पाणी असतंच. जूनमध्ये पाकीट उघडं राहिलं की गोळ्या फुगतात, मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात. फुगलेली गोळी नळीत शिरत नाही. शिरली तर वाटेतच फुटते. एक फुटली की नळीभर रंग, आणि मागून येणारी प्रत्येक गोळी त्या रंगावरून घसरत भलत्याच दिशेला जाते. नेम धरलेला असतो मार्केटिंगच्या माणसावर, लागते नारळाला. म्हणून मिस्त्री गोळ्या हवाबंद डब्यात आणि गार जागी ठेवतात. अधूनमधून डबे फिरवतात, नाहीतर पडून पडून गोळ्या एका बाजूनं चपट्या होतात.

मिस्त्रींचा खरा शत्रू हवामान नाही, काटकसर आहे. सांडलेली गोळी उचलून, तिच्यावर फुंकर मारून ती पुन्हा हॉपरात टाकणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक तुकडीत असतो. ‘चांगली आहे की! पैसे मोजलेत.’ पैसे कंपनीनं मोजलेले असतात, पण संस्कार घरचे. त्या गोळीबरोबर वाळूचे कण नळीत जातात, आणि पुढच्या गोळ्या त्या कणांवर घासून फुटायला लागतात. एक गोळी वाचवून दहा घालवल्यावर हेच गृहस्थ बिलाच्या वेळी विचारतात, ‘एवढ्या गोळ्या लागल्या कशा?’

आणखी एक खट्ट आहे तो घाईचा. गोळी जिथून आत येते तिथं एक छोटा अडसर असतो. एकीला आत घ्यायचं, तिला जागेवर धरून ठेवायचं आणि ती निघून जाईपर्यंत दुसरीला वाट द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तो झिजला की पहिली पुढं घरंगळते, तिच्या मागून दुसरी घुसते, आणि गोळीला पुढं सारणारा बोल्ट येताना दुसरी अर्ध्यावरच चिरडते. संध्याकाळच्या विरार फास्टच्या दारात अंधेरीला जे होतं ते हेच. फरक एवढाच की इथं चिरडलेलीतून रंग बाहेर येतो आणि तिथं नुसते शब्द.

अशा वेळी ट्रिगर पुन्हा पुन्हा ओढणं हा जन्मजात उपाय आहे, आणि तोच सर्वांत वाईट. प्रत्येक ओढीला आतला लगदा वाढत जातो. याहून वाईट म्हणजे बंदूक उलटी फिरवून नळीत डोळा लावणं. तसं करणारा कुणी दिसला की एरवी शांत असलेले मिस्त्री टेबलावरून ओरडतात. इथं त्यांच्या बाजूनं वसईचा इतिहास उभा आहे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई किल्ल्याच्या बुरुजाखाली सुरुंग पेरले. सगळे एकाच वेळी उडाले नाहीत. वाट झाली असं समजून माणसं पुढं घुसली, आणि मागाहून उडालेल्या सुरुंगानं मराठ्यांचीच हानी केली. किल्ला पुढं आपण घेतला, पण जे उडालं नाही ते संपलं असं समजू नये, हे वसईनं फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. मिस्त्री इतिहासात शिरत नाहीत. ते एवढंच म्हणतात, ‘खट्ट झाली म्हणजे रिकामी झाली नाय, साहेब. तोंड जमिनीकडं. मुखवटा वर सरकवायचा नाय.’ मग गॅस काढायचा, हॉपर काढायचा, नळी बंदुकीपासून सोडवायची, आणि दांड्याला लावलेली रबरी चकती तिच्यातून ओढून रंग पुसायचा. हे सगळं एका मिनिटाचं काम. ते शिकवायला मिस्त्री तयार असतात. शिकायला कुणी थांबत नाही, कारण बाहेर सल्ला द्यायचा राहिलेला असतो.

सर्वांत नाट्यमय बिघाड मात्र फुस्स आणि खट्ट यांच्या मधला आहे. बाटली संपत आली की मागं येणाऱ्या गॅसला हातोडा पुरता मागं ढकलता येत नाही. हातोडा अर्ध्या वाटेवरून, अडकवणाऱ्या खाचेपर्यंत न पोचताच पुन्हा पुढं येतो, झडपेवर आपटतो, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. ट्रिगर एकदाच ओढलेला असतो आणि बंदूक धडधडत सुटते. खाच झिजली असेल तरी हेच होतं. भाच्याच्या कंपनीत हे घडलं ते एका नव्याच लागलेल्या, अजून कायम न झालेल्या, स्वभावानं अत्यंत गरीब मुलीच्या हातात. समोर पिंपाआडून तिचे साहेब हात वर करून बाहेर येत होते. ते शरण आले होते की सूचना करत होते हे शेवटपर्यंत कळलं नाही. बंदूक थांबली तेव्हा साहेबांचा मूळ टी-शर्ट कुठल्या रंगाचा होता हे सांगणं अवघड झालं होतं. मुलगी ‘सॉरी सर, आपोआप होतंय’ म्हणत रडकुंडीला आली होती. तिच्या मागे उभा असलेला अख्खा विभाग मात्र अत्यंत गंभीर चेहऱ्यानं त्या बंदुकीचा नंबर पाठ करत होता. पुढच्या फेरीसाठी बंदुका वाटल्या तेव्हा तेवढ्या एका नंबरावर झुंबड उडाली. मिस्त्रींनी तिची बाटली बदलली होती, त्यामुळे ती अगदी शहाणी झाली होती. सगळ्यांची निराशा झाली.

दुपारी दीडला जेवणाची घंटा होते आणि तह होतो. वसईला तहांचा जुना अनुभव आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तह केला आणि वसई पोर्तुगीजांना गेली. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं वसईत तह केला आणि बरंच काही इंग्रजांना गेलं. त्या मानानं तांदळाची भाकरी, चिकन आणि सोलकढीवर होणारा हा तह सरस म्हणायला हवा, कारण यात दोन्ही पक्षांना काहीतरी मिळतं. फक्त पानावर बसल्याबसल्या एक विषय निघतो: का हरलो, का जिंकलो?

हरलेल्या पक्षाचं उत्तर तयार असतं. बंदुका खराब होत्या. आमच्या दोन गळत होत्या, तीन अडकत होत्या, एक तर वाकडीच मारत होती. जिंकलेल्या पक्षाचं उत्तरही तयार असतं. स्ट्रॅटेजी. त्यांच्या बोलण्यात बंदुकीचा उल्लेखही नसतो. मध्यंतरात दोन्ही पक्षांच्या बंदुका एकाच ढिगात पडतात आणि मिस्त्री हाताला लागेल ती उचलून देतात, हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. सकाळी जी बंदूक ‘वाकडी मारते’ म्हणून टेबलावर आली, तिच्यावरच दुपारी एकानं बक्षीस मिळवलं. मधल्या वेळात तिला मिस्त्रींनी काय केलं असं मी विचारलं. ‘पुसली,’ ते म्हणाले. ‘आणि जिंकणारा कधी दुरुस्तीला येतच नाय, साहेब. त्याची पण बंदूक तेवढीच फुसफुसते. त्याला ऐकू येत नाय.’

बस सुटायच्या आधी कंपनीनं सगळ्यांना अभिप्रायाचे छापील फॉर्म वाटले. रंगीत, जाड, गुळगुळीत. हरलेल्या पक्षानं एकमुखानं लिहिलं, ‘इक्विपमेंट पुअर. गन्स लीकिंग अँड जॅमिंग.’ एचआरच्या बाईंनी त्यातला एक कागद ‘तुमच्या माहितीसाठी’ म्हणून मिस्त्रींच्या टेबलावर आणून दिला. मिस्त्रींनी तो दोन्ही बाजूंनी नीट पाहिला. मग त्याची सुरळी केली, समोरच्या नळीत घातली, फिरवून बाहेर काढली आणि नापसंतीनं मान हलवली.

‘गुळगुळीत कागद हाय, बाई. रंग उचलत नाय,’ ते म्हणाले. ‘पुढच्या टायमाला तक्रार साध्या कागदावर लिवायला सांगा.’